घरातल्या मोठ्या मापाच्या वाफेच्या रेल्वेचा देखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीतले देखावे बघत आणि दिवाळीतले किल्ले करत मोठ्या झालेल्या पुणेकराला डोंगर, पायवाट आणि तळं उभं करायला शिकवावं लागत नाही. पण त्याच देखाव्यातून खरी वाफ सोडणारं, गरम तेलकट पाणी उडवणारं इंजिन धावणार असेल आणि देखावा दहा दिवसांत न उतरवता वर्षानुवर्षं टिकवायचा असेल, तर सामान आणि पद्धत दोन्ही बदलावी लागतात. धावत्या रेल्वेच्या प्रतिकृती करण्याच्या या छंदात नव्याने येणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तयार पाकिटांतून मिळणारा देखावा बहुतेक वेळा युरोपातला असतो: सूचिपर्णी झाडं, मऊ हिरवी कुरणं, बर्फासाठी उतरती केलेली छपरं. आपल्या घरात आपला सह्याद्री किंवा आपलं माळरान उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि खालची उत्तरं त्याच आग्रहाने लिहिली आहेत.

मोठं माप म्हणजे केवढं? त्यातलं कुठलं निवडावं?

घरात चालवता येतील अशा मोठ्या मापांसाठी दोन रुंदीचे रूळ सहज मिळतात, ४५ मिलिमीटर आणि ३२ मिलिमीटर. नुसत्या रुंदीवरून माप ठरत नाही, तुम्ही कुठल्या खऱ्या मार्गाची प्रतिकृती करताय त्यावर ते ठरतं. मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा मार्ग (पूर्वीचा पुणे–मिरज मार्ग असा होता), ४५ मिमीच्या रुळावर १:२२.५ ला, म्हणजे खऱ्याच्या साडेबावीसपट लहान, बसतो. एलजीबी या जर्मन कंपनीने १९६८ पासून हे माप घरोघरी पोचवलं. नेरळ–माथेरानचे रूळ २ फुटी, म्हणजे ६१० मिमीचे. ते ३२ मिमीवर १:१९ ला बसतात. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, ७६२ मिमीची. ती ३२ मिमीवर जवळजवळ नेमकी १:२४ होते. आपल्या ब्रॉडगेजचं मात्र जुळत नाही. १६७६ मिमीची रुंदी ४५ मिमीवर आणली तर माप १:३७ च्या आसपास जातं आणि त्या मापाचं तयार सामान फारसं सापडत नाही.

देखाव्याच्या बाजूने बघितलं तर १:२४ आणि १:१९ सोयीचे आहेत, कारण ओतीव धातूच्या (डायकास्ट) खेळण्यातल्या मोटारी १:२४ आणि १:१८ या मापांत मिळतात. सव्वापाच-साडेपाच फुटांचा माणूस १:२४ ला सुमारे ७ सेंटिमीटरचा आणि १:१९ ला पावणेनऊ सेंटिमीटरचा होतो. एवढा मोठा माणूस फलाटावर उभा राहिला की त्याच्या शेजारच्या झाडाला साल लागते, पत्र्याला पन्हळ लागते, दगडाला भेग लागते. लहान मापात हिरवा भुसा भुरभुरून भागतं, इथे भागत नाही.

माझ्याकडे एकच खोली आहे. बसेल का?

बसेल, पण आधी एक हिशेब करा. १२ फुटांची भिंत १:२२.५ मध्ये प्रत्यक्षातले जेमतेम ८२ मीटर दाखवते. म्हणजे आख्खा खंडाळा घाट सोडाच, एक मध्यम स्टेशनही त्यात पूर्ण मावत नाही. म्हणून एका भिंतीला एकच प्रसंग द्या. एकीकडे फलाटाचं एक टोक आणि पाण्याची टाकी, दुसरीकडे कापलेला कडा, तिसरीकडे ओढ्यावरचा पूल. दोन प्रसंगांच्या मध्ये झाडी किंवा खिंड येऊ द्या, म्हणजे एका जागी उभं राहून सगळं दिसत नाही आणि गाडी लांबून आल्यासारखी वाटते.

भिंतीलगत ४५ ते ६० सेंटिमीटर रुंदीचं मेज फिरवणं सगळ्यात उत्तम. मधे माणसाला वावरायला जागा उरते आणि वळणंही मोठी ठेवता येतात. एलजीबीचं सर्वांत लहान वळण ६०० मिमी त्रिज्येचं आहे, पण त्यावर लांब डबे बाहेर लोंबतात आणि वाफेचं इंजिन रेंगाळतं. १० बाय १२ च्या खोलीत कोपऱ्यांना १२०० मिमी त्रिज्या देता येते, ती द्या. रुळांची उंची जमिनीपासून साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर ठेवली तर गाडी डोळ्यांच्या जवळ येते. हात जेमतेम पाऊण मीटर आत पोचतो, त्यापलीकडे रूळ नेऊ नका. दाराजवळ उचलून काढता येणारा पूल लागेल. तो देखाव्यातला पूलच असेल तर फारच छान.

देखावा कुठल्या जागेचा करावा?

माथेरानचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०१ ते १९०७ या काळात बांधलेला सुमारे २१ किलोमीटरचा हा मार्ग, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइपसारखी चिमुकली स्टेशनं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. खोलीच्या एका भिंतीला हे छान बसतं. पण ज्यांना खऱ्या वाफेवरचं इंजिन शांतपणे चालवायचं आहे त्यांना मी बार्शी लाइट रेल्वे सुचवतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. कुर्डुवाडीच्या बाजूचं सपाट काळं रान, ज्वारीची ताटं, बाभळी, बांध, एखादी विहीर आणि मोट. या मुलुखाचा देखावा कुणी फारसा करत नाही आणि तो दिसतो मात्र अतिशय देखणा.

भोर घाट, म्हणजेच खंडाळ्याचा घाट, करायचा असेल तर काळ सांभाळा. घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि १९३० च्या सुमारास मुंबई–पुणे मार्गावर वीज आली. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती विजेच्या इंजिनावरच. म्हणजे घाटात वाफेचं इंजिन गाडी ओढताना दाखवायचं असेल तर वर तारा नकोत, खांब नकोत, आणि रस्त्यावर नंतरच्या काळातल्या मोटारीही नकोत.

जागेइतकाच ऋतूही आधी ठरवा. आषाढातला ओला घाट, कार्तिकातलं सोनेरी गवत की वैशाखातला करपलेला माळ? तिन्हींची माती, गवत, आभाळ आणि दगडाचा रंगही वेगळा असतो. अर्धा देखावा हिरवागार आणि अर्धा पिवळा झाला की कितीही कष्ट घेतले तरी तो खोटा वाटतो. माझी पसंती दिवाळीनंतरच्या दिवसांना आहे. गवत पिवळं झालेलं, झाडं अजून हिरवी, ओढ्यात थोडंच पाणी. शिवाय घरात बसणारी धूळ त्या रंगांत चटकन दिसत नाही.

घाट करायचा तर रुळांना चढ किती द्यावा?

भोर घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर जाताना १ मीटर, आहे आणि माथेरानला काही ठिकाणी २० ला १. हे आकडे घरात उतरवू नका. रेडिओ नियंत्रण नसलेलं लाइव्ह स्टीम, म्हणजे खऱ्या वाफेवर चालणारं, इंजिन चढावर थांबतं आणि उतारावर सुसाट सुटतं. रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली उतरवा. मेज एकसंध फळीचं न करता उघड्या चौकटीचं केलं की रुळाखालची पट्टी तेवढी समपातळीत राहते आणि तिच्या एका बाजूला जमीन दोन फूट खाली दरीत नेता येते, दुसऱ्या बाजूला कडा वर चढवता येतो. बघणाऱ्याला गाडी डोंगराच्या कडेने चढतेय असंच वाटतं. पार्श्वभूमीतले आडवे थर आणि शेताचे बांध थोडे तिरके काढले तर हा भास आणखी वाढतो.

पाया कशाचा करावा?

चौकटीला सागवान किंवा चांगलं वाळलेलं लाकूड, वर १२ ते १८ मिमीचा प्लाय. आपल्याकडच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो, आणि वर वाफेचं पाणी पडणारच आहे. म्हणून आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. तळमजल्यावर राहत असाल तर पायांना वाळवीचं औषध लावून ते जमिनीपासून थोडे उचललेले ठेवा. मेजाचे पाय भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच वर चढते.

पाच मीटर पितळी रूळ २० अंशांच्या फरकाने जेमतेम २ मिलिमीटर वाढतो. तेवढीच फट सांध्यांमध्ये वाटून द्या. खोली गच्चीखाली असेल तर जरा जास्त.

डोंगर कशाचा करावा? थर्माकोल चालेल का?

आतल्या भरावासाठी चालेल, पण तो उघडा ठेवायचा नाही. थर्माकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि पेटतोही पटकन. ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड) दाबाला बॉयलरमधलं पाणी १४० अंशांच्या जवळ असतं, त्यामुळे इंजिन घसरून डोंगरावर कलंडलं तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय स्प्रे पेंट आणि रबरी सोल्यूशनने थर्माकोल विरघळतो. त्याला पांढरा फेविकॉलच लावा.

मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत जुनीच आहे. चौकटीवर कोंबडीची जाळी ताणून हवा तसा आकार द्यायचा, त्यावर सर्जिकल दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टरच्या पट्ट्या भिजवून दोन थर द्यायचे आणि वर प्लॅस्टर किंवा पांढऱ्या सिमेंटचा लेप. कागदाचा लगदाही उत्तम, वजनाला हलका आणि मजबूत. त्याच्या खळीत बुकबाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. शाडू दिसतो सुरेख, पण सुकताना आकसून तडकतो. तो सुकलेल्या नदीपात्राच्या भेगा दाखवायला वापरा, कड्यासाठी नको.

सह्याद्रीचा कडा खऱ्यासारखा कसा दिसेल?

या प्रश्नावर मी कितीही वेळ बोलू शकतो, कारण देखावा इथेच जिंकतो किंवा हरतो.

घाटात गाडी हळू झाली की खिडकीतून नीट बघा. लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर झिजून आत जातो आणि त्या पायरीवर माती साठून गवताची आडवी पट्टी तयार होते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची रेघ दिसते. लोक हे सगळं एकाच कड्यात भरतात आणि फसतात. मोठ्या मापाचा हिशेब विसरू नका. १:२२.५ ला ४५ सेंटिमीटर उंचीचा कडा म्हणजे खरे फक्त १० मीटर. त्यात एक कठीण थर, त्याच्या पायाशी एक मऊ पट्टी आणि फार तर वरच्या थराची सुरुवात, एवढंच मावतं. पाच-सहा थरांचा डोंगर मागच्या पडद्यावर रंगवा.

कोरण्यासाठी प्लॅस्टरचा थर दोन-तीन सेंटिमीटर जाड द्या. तो पनीरइतका घट्ट झाला की कामाला लागा. जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि मोडकी करवत पुरते. आधी मऊ पट्टीची आडवी खाच आत ओढा. मग कठीण थरात उभ्या भेगा पाडा, पण सारख्या अंतरावर नाही आणि वरपासून खालपर्यंत एका रेषेतही नाही. काही भेगा अर्ध्यातच सोडा. एखादा कोपरा बोटाने दाबून तोडा, तसं मोडलेलं प्लॅस्टर कोरलेल्यापेक्षा जास्त खरं दिसतं. तुटलेले तुकडे फेकू नका, कड्याच्या पायथ्याशी दरड म्हणून तेच पसरायचे आहेत. रेल्वेसाठी कापलेल्या कड्यावर सुरुंगाच्या भोकांच्या अर्धगोल उभ्या खुणा राहतात. १ ते दीड मिमीच्या तारेने अशा चार-पाच खुणा ओढल्या की तो नुसता डोंगर न राहता माणसांनी फोडलेली खिंड होते.

रंगवताना काळ्या डबीपासून लांब राहा. आपला पाषाण काळा म्हणतात, पण उन्हात तो करडा-तपकिरी असतो. काळा, गडद तपकिरी आणि पांढरा मिसळून मध्यम गडद रंग सगळीकडे द्या. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ काळा रंग वरून सोडा, तो आपणहून भेगांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग फक्त कडांवरून फिरवा. विटकरी रेघेसाठी आणि मुरमाच्या ओघळांसाठी गेरू वापरा, त्याच्याइतका खरा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही. माथेरानचा माथा करत असाल तर वरचा दगड जांभा, लालसर आणि भोकाभोकांचा. रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या, पोस्टर कलर वाफेच्या पहिल्याच थेंबाला ओघळतो.

वाफ, तेल आणि पाण्याने देखावा खराब होत नाही का?

तयारी न करता बांधला तर होतो. लाइव्ह स्टीम इंजिनात वाफेबरोबर सिलिंडरमध्ये तेल जातं आणि तेच चिमणीतून बाहेर पडतं. सुरुवातीला सिलिंडर थंड असतात, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत चिमणीतून गरम तेलकट पाण्याचे शिंतोडे उडतात. पुढे रुळांच्या दोन्ही बाजूंना तेलाचा बारीक थर बसत राहतो.

सगळ्यात उपयोगी युक्ती सामानाची नाही, मांडणीची आहे. इंजिन पेटवायची आणि गरम करायची जागा लोकोशेड म्हणून सजवा. खऱ्या शेडमध्ये जमीन तेलाने काळी झालेली असते, राख आणि कोळशाची भुकटी पसरलेली असते, पाण्याच्या खांबाखाली कायम ओल असते. तिथे तुमच्या इंजिनाने केलेली घाण देखाव्यातच जमा होते. त्या भागाखाली पत्रा किंवा फरशी घाला, वर कोळशाची पूड आणि राखाडी रंग द्या आणि तो तुकडा काढून धुता येईल असा सुटा ठेवा.

बाकी मार्गावर रुळाच्या दोन्ही बाजूंना एक वीतभर अंतर पुसता येईल असं ठेवा: खडी, मुरूम, दगड, रंगवलेलं सिमेंट. फोमची झाडी आणि उभं गवत त्याच्या पलीकडे. चिमणीच्या वर हातभर जागा मोकळी हवी, एकही फांदी रुळावर झुकवू नका. प्लॅस्टर वारंवार भिजलं तर भुसभुशीत होतं, म्हणून रंगाआधी प्रायमर आणि शेवटी मॅट वार्निश लावा. चकचकीत वार्निशने डोंगर ओला दिसतो. साधा फेविकॉल गरम पाण्याने सैल होतो, रुळाजवळ पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचाच वापरा. काथ्या, सुतळी आणि वाळकं गवत लावण्यापूर्वी टाकणखार आणि बोरिक पावडरच्या कोमट द्रावणात बुडवून सुकवा. ते पटकन पेट घेत नाही. अंगणात एक काडी लावून खात्री करून घ्या आणि मगच घरात आणा.

खडी कुठली?

रेल्वेची खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची धरली तर १:२२.५ ला ती ३ मिमीपेक्षा थोडी कमी होते. म्हणजे क्रशरची बारीक कच. वाघोलीकडच्या क्रशरची कच आपल्याच पाषाणाची असते, रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही. ती दोन चाळण्यांतून काढा. वरच्या चाळणीत राहतं ते फार मोठं, खालच्या चाळणीतून जातं ते रस्त्यासाठी, मधलं रुळासाठी. मग स्वच्छ धुवा, नाहीतर धूळ डिंक धरू देत नाही. विजेची इंजिनंही चालवत असाल तर कचेत चुंबक फिरवून घ्या. आपल्या दगडात लोहाचे कण असतात आणि ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

पसरून झाल्यावर आधी साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याचा फवारा मारा, मग एक भाग मरीन गोंद आणि दोन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. सांधे आणि पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) यांच्या आसपास गोंद नको. माथेरान किंवा बार्शी करणाऱ्यांनी खडी कमी आणि माती जास्त दाखवावी. छोट्या गाड्यांच्या रुळांत गवतही उगवलेलं असतं.

गवत आणि झाडं घरी करता येतात का?

घरीच करा. गुडघाभर गवत म्हणजे १:२२.५ ला दोन सेंटिमीटरहून जास्त. बाजारातलं तयार गवत बहुतेक लहान मापाचं असतं. काथ्या आणि सुतळी उसवून, फिकट पिवळा, तपकिरी आणि थोडा हिरवा अशा दोन-तीन रंगांत बुडवून, लहान झुबके करून लावा. झुबके एका उंचीचे कापू नका. उतारावर ते खाली झुकलेले असू द्या. गवताच्या मध्ये माती दिसू द्या. मातीसाठी टेकडीवरचा मुरूम चाळून जुन्या तव्यावर भाजून घ्या, किडे आणि बिया मरतात. गोंद लागला की माती गडद होते, म्हणून एका पुठ्ठ्यावर आधी वाळवून बघा. चहाचा चोथा बरेच जण वापरतात. मी सुचवत नाही, पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

झाडांचा आकार धीटपणे घ्या. १० मीटरचं झाड १:२२.५ ला ४४ सेंटिमीटरचं होतं. लहान मापातली बोटभर झाडं शेजारी ठेवली की स्टेशन राक्षसी दिसतं. गळून पडलेली घाणेरीची किंवा बोरीची वाळकी फांदी उत्तम खोड देते, वेताळ टेकडीवरून फिरून येताना पडलेल्या काटक्यांकडे लक्ष ठेवा. जिवंत झाड मात्र तोडू नका. डहाळ्या कमी पडल्या तर जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून जोडा. पानांसाठी गादीचा फोम मिक्सरमध्ये बारीक करून रंगवतात. मिक्सरचं भांडं त्या कामासाठी वेगळं ठेवा.

बाभूळ करताना फांद्या वर पसरट, छत्रीच्या आकारात आणि पानं विरळ, आरपार दिसतील इतकी. जांभूळ आणि आंबा घुमटासारखे दाट. वडाच्या पारंब्यांना सुतळीचे धागे. करवंदीच्या जाळ्या घाटात हव्यातच, त्यांना वाळलेल्या घोसाळ्याचा आतला जाळीदार भाग फाडून वापरा. अशी दहा नीट केलेली झाडं पुरतात.

स्टेशन, पत्रा, कौलं आणि माणसं?

पन्हळी पत्र्याची एक पन्हळ साधारण ७५ मिमीची. १:२२.५ ला ती सव्वातीन मिमीच्या आसपास येते, आणि मोबाइलच्या पातळ खोक्याच्या पुठ्ठ्यातली पन्हळ जवळजवळ तेवढीच असते. वरचा कागद भिजवून सोलला की साचा तयार. त्यावर छापखान्यातली वापरलेली ऑफसेटची अ‍ॅल्युमिनियम प्लेट ठेवून बोथट लाकडाने एकेक खाच दाबत गेलं की खरा धातूचा पत्रा मिळतो. पाण्याला दाद न देणारा आणि कडा वाकवता येणारा. एका पत्र्याची लांबी अडीच-तीन मीटरच ठेवा आणि एकावर एक चढवून लावा. खिळ्यांच्या जागी गेरूचा ठिपका खाली ओघळवा.

मंगलोरी कौल १:२२.५ ला सुमारे १८ बाय १० मिमीचं होतं. रबराचा साचा करून मातीचं किंवा रेझिनचं ओता. छपराला शेकडो कौलं लागतात, घरातल्या सगळ्यांना बसवा कामाला. भिंतींना पाषाणाची चिरेबंदी, तीही प्लॅस्टरमध्ये कोरून. नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची.

माणसांसाठी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी जा. किल्ल्यावरची चित्रं अनेक उंचीची असतात, मोजपट्टी घेऊन जा आणि ७ ते ९ सेंटिमीटरची निवडा. मावळ्याचा हमाल करताना पगडी तासून लाल मुंडासं बांधावं लागेल, गवळणीला मात्र काहीच करावं लागत नाही. तुळशीबागेतल्या भातुकलीतली सगळ्यात लहान घागर आणि तांब्या १:१९ ला चपखल बसतात.

ओढा आणि धबधबा?

उथळ ओढ्याला इपॉक्सी रेझिन, एका वेळी फार तर ३ ते ५ मिमी. जाड ओतलं तर ते स्वतःच तापून पिवळं पडतं किंवा तडकतं. धबधब्याला पारदर्शक सिलिकॉनच्या धारा काचेवर ओढून, वाळल्यावर सोलून लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते पितळ आणि तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

बोगदा ठेवावा का?

ठेवा, पण छोटा. दोन्ही तोंडांतून हात घालून मधे अडकलेलं इंजिन काढता आलं पाहिजे, म्हणून एक-सव्वा मीटरपेक्षा लांब नको, आणि मागची बाजू उघडी ठेवा. आतून सिमेंट शीट लावा, थर्माकोल किंवा फोमचा कणही नको. तोंडाच्या कमानीवर काजळीचा पट्टा रंगवा. चिमणीच्या वर तो दाट हवा, बाजूला विरळ.

मागचा पडदा?

फ्लेक्स किंवा पातळ सनबोर्ड, कोपऱ्यात गोलाई देऊन. कोपरा काटकोनात आला की आभाळ तुटतं. सह्याद्रीचे दूरचे डोंगर टोकदार त्रिकोणी काढू नका. बरेचसे सपाट माथ्याचे आहेत, मधूनच राजमाचीसारखे जोड बालेकिल्ले किंवा नागफणीचा सुळका. जितका डोंगर लांब तितका फिका आणि निळसर. क्षितिजाजवळचं आभाळ जवळजवळ पांढरं.

घरात खरी वाफ चालवणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे, आणि नियम सैल करायचे नाहीत. खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट फॅन चालू, कारण ही इंजिनं ज्यावर पेटतात त्या गॅस आणि स्पिरिट दोन्हींच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याचा अलार्म मिळतो, तो लावा. ब्युटेन गॅस हवेपेक्षा जड असतो आणि मेजाखाली साठतो, म्हणून इंजिनाची गॅसची टाकी घराबाहेर, कुठलीही ज्योत जवळ नसताना भरा. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही. इंजिन गरम असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही. अग्निशामक हाताशी, ओलं फडकं हाताशी, आणि इंजिन पेटलेलं असताना खोली सोडून जायचं नाही. लहान मुलांना चिमणीच्या उंचीवर चेहरा आणू देऊ नका.

वाफ बघायची खरी मजा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. गार हवेत ती पांढरी दिसते, मे महिन्यात जवळजवळ दिसतच नाही.

पावसाळ्यात आणि धुळीत काळजी कशी घ्यायची?

जून ते सप्टेंबर खोलीत हवा खेळती ठेवा आणि गाडी चालवल्यावर रूळ लगेच कोरडे पुसा. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढूनच टाका. धुळीसाठी मऊ रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. नळीच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा, म्हणजे झाडांची पानं आत जात नाहीत. रुळांवरचं तेल आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात.

सामान पुण्यात कुठे मिळतं?

प्लाय आणि लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, जाळी, हत्यारं आणि तार बोहरी आळीत, दिवे आणि वायर तपकीर गल्लीत, रंग आणि पुठ्ठा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. शाडू कुंभारवाड्यात, गेरू किराणा किंवा रंगाच्या जुन्या दुकानात. ऑफसेटच्या वापरलेल्या प्लेटा पेठांमधल्या छापखान्यांत विचारा. मांडणी कशी करावी हे बघायला कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी ते उभं केलं आणि १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथलं माप लहान आहे, पण प्रकाशयोजना आणि नजर कुठे थांबवायची याचा विचार मोठ्या मापालाही तसाच लागू पडतो.

सुरुवात कुठून करू?

दोन फूट बाय दीड फुटाच्या एका फळीपासून. तीवर रुळाचा एक तुकडा, मागे हातभर कडा, पुढे थोडी खडी, गवताचे झुबके आणि एक झाड. दगड, माती, गवत आणि गोंद हे चारही त्यावर आजमावा. मग इंजिन त्या रुळावर उभं करून, चाकं उचलून, पूर्ण गरम होईपर्यंत चालू द्या आणि शिंतोडे कुठवर गेले, कुठला रंग सुटला, कुठलं गवत चिकट झालं ते खडूने खुणा करत बघा. मोठ्या मेजाची मापं त्यावरून ठरवा. आणि फळी करतानाच तिची उंची व रुळाची टोकं पुढच्या मेजाशी जुळतील अशी ठेवा, म्हणजे ती जशीच्या तशी देखाव्यात बसवता येईल.